फरक दिसतो तेव्हा: रंग, वंश आणि ओळख यांबद्दल मुलांशी कसं बोलावं

मुलांशी या विषयावर बोलायला बसण्याआधी दोन शब्द मनात सुटे करून घ्या: फरक आणि भेदभाव. फरक डोळ्यांना दिसतो. कुणाचा रंग गडद, कुणाचा फिका, कुणाचे केस कुरळे, कुणाची बोली वेगळी. भेदभाव मात्र माणसं करतात. त्याच फरकावरून कुणाला जवळ घेतात, कुणाला लांब ठेवतात. पालकांची गफलत बहुतेक वेळा इथेच होते. भेदभाव नको म्हणून ते फरकाबद्दलच बोलायचं टाळतात. मुलाला तर फरक दिसतच असतो. विचारलं की आई दटावते, बाबा विषय बदलतात, हे पाहून ते एवढंच शिकतं की यात काहीतरी लाजिरवाणं आहे. ते लाजिरवाणं नेमकं काय, हे मग ते बाहेरून शिकून येतं.

'आपण सगळे सारखेच' हे वाक्य म्हणूनच पुरत नाही. चार वर्षांच्या मुलाला ते उघडउघड खोटं वाटतं, कारण समोरचं मूल त्याच्यासारखं दिसत नाही. त्याऐवजी दोन वाक्यं म्हणा: 'आपण दिसायला वेगळे आहोत. वागणूक मात्र सगळ्यांना सारखी मिळायला हवी.'

मूल केव्हापासून पाहतं

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला कुठल्याही वंशाचा चेहरा सारखाच. तीन महिन्यांचं होईपर्यंत मात्र ते रोज दिसणाऱ्या चेहऱ्यांशी मिळत्याजुळत्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ पाहू लागतं. २००५-०६ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे दिसलं. त्यातच हेही दिसलं की ज्या बाळांभोवती वेगवेगळ्या वंशांची माणसं वावरतात त्यांच्यात हा कल आढळत नाही. म्हणजे हा द्वेष नव्हे, डोळ्यांची सवय आहे, आणि ती भोवतालावरून ठरते.

तीन-चार वर्षांचं मूल रंग, केस, कपडे यांवरून माणसांचे गट पाडतं. पाच ते सात या वयात 'आपले' आणि 'ते' ही वाटणी सगळ्यात घट्ट असते. सात-आठनंतर एक माणूस एकाच वेळी अनेक गटांत असू शकतो हे कळू लागतं, न्याय-अन्यायाची जाण पक्की होते, आणि पूर्वग्रह सैल करण्याची चांगली संधी मिळते. दहा-अकरानंतर इतिहास, कायदा, 'हे असं कुणी ठरवलं' असे प्रश्न पेलतात.

मूल विचारत नाही म्हणजे त्याला काही वाटत नाही, असं समजू नका. केनेथ आणि मेमी क्लार्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या होत्या. बाहुल्या एकसारख्या, फक्त रंग वेगळा. खेळायला कुठली हवी म्हटल्यावर सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी गोरी बाहुली निवडली. वाईट कुठली दिसते, असं विचारल्यावर निम्म्याहून अधिक मुलांनी काळीकडे बोट दाखवलं. शेवटी 'तुझ्यासारखी कुठली?' असं विचारलं तेव्हा काही मुलं रडली. शाळांमधली वर्णभेदी विभागणी बेकायदा ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. त्या मुलांना 'काळं म्हणजे वाईट' असं कुणी पुढ्यात बसवून शिकवलं नव्हतं. ते हवेतून त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

आधी घरातली भाषा तपासा

एक आठवडा वही किंवा फोनवर नोंद ठेवा. घरात, फोनवर, पाहुण्यांसमोर तुम्ही आणि इतर मोठी माणसं लोकांबद्दल काय बोलता ते लिहा. तीन गोष्टींवर लक्ष ठेवा.

पहिली गोष्ट, 'पण', 'तरी' आणि 'असून'. 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.' 'काळा असला तरी देखणा.' 'त्यांच्यातला असून किती स्वच्छ राहतो.' बोलणाऱ्याला वाटतं आपण कौतुकच केलं. ऐकणारं मूल मात्र तो 'पण' उचलतं: सावळं असणं हा दोष आहे, तो कशाने तरी भरून काढावा लागतो. दुरुस्ती सोपी आहे. जोडशब्द काढून टाका. 'सावळी आहे, नाकीडोळी नीटस आहे.' वाक्य तेवढंच, गाळलेला शब्द एकच, पण अर्थ पार बदलतो.

दुसरी, 'ते लोक असेच असतात' या घाटाची वाक्यं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लहान मुलांना एका काल्पनिक जमातीचं चित्रमय पुस्तक वाचून दाखवलं. चित्रं तीच, फक्त भाषा दोन प्रकारची: एकीकडे 'हे लोक असं करतात', दुसरीकडे 'हा असं करतो'. पहिला प्रकार ऐकलेली मुलं त्या सवयी जन्मजात आणि न बदलणाऱ्या मानू लागली. यात एक खोच आहे. वाक्य चांगलं असलं तरी परिणाम तोच. 'ते लोक हिशेबात हुशारच असतात' हेही मुलाला हेच शिकवतं की माणूस गटावरून ओळखायचा. म्हणून 'ते लोक' ऐवजी माणसाचं नाव घ्या, आणि 'असतात' ऐवजी 'केलं' म्हणा: 'त्याने रांग मोडली.' त्याची जमात, भाषा, धर्म सांगायची गरज आहे का, हे स्वतःला विचारा. बहुतेक वेळा नसते.

तिसरी, कौतुकाची आणि काळजीची वाक्यं. 'उन्हात जाऊ नकोस, काळी होशील.' उन्हाची खरी काळजी असेल तर खरं कारण सांगा: त्वचा भाजते, डोकं दुखतं, पाणी कमी पडतं. रंग हे कारण सांगू नका.

आठवड्याच्या शेवटी वही वाचा आणि एकच सवय बदलायला घ्या. सगळं एकदम बदलायला गेलं की दोन दिवसांत सुटतं. चुकून तोंडून गेलंच तर मुलासमोरच दुरुस्त करा: 'मी आत्ता चुकीचं बोलले. रंगावरून बोलायला नको होतं.' या एका वाक्याचं मोल फार आहे. चूक मान्य करून सुधारता येते, हे मूल डोळ्यांनी पाहतं.

रंगाचं शास्त्र, मुलाला कळेल असं

चार वर्षांच्या मुलाला एवढं पुरे: 'प्रत्येकाच्या त्वचेत मेलॅनिन नावाचा रंग असतो. कुणात जास्त, कुणात कमी. तो उन्हापासून आपलं रक्षण करतो.' सात-आठ वर्षांच्या मुलाला पुढचं सांगा. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी सगळ्या माणसांत जवळपास सारख्याच संख्येने असतात. फरक त्या किती आणि कुठल्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात याचा. विषुववृत्ताजवळ अतिनील किरण प्रखर, तिथे हजारो वर्षं राहिलेल्या माणसांची त्वचा गडद राहिली. ऊन कमी तिथे फिकट त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करणं सोपं गेलं. म्हणजे रंग हा पूर्वज कुठे राहत होते याची खूण आहे. स्वभावाचा किंवा बुद्धीचा त्यात काही पत्ता नाही.

मुलं काही ठरावीक प्रश्न विचारतातच. उत्तरं तयार असू द्या.

'तो नीट आंघोळ करत नाही का?' 'रंग म्हणजे मळ नाही. मळ धुतला की जातो. हा त्याच्या त्वचेचाच रंग आहे, तुझ्या त्वचेचा आहे तसा.'

'मग तळहात फिके का?' 'तळहात आणि तळपायांच्या त्वचेत सगळ्यांचंच मेलॅनिन कमी असतं. तुझेही बघ.'

'त्या मावशींच्या अंगावर पांढरे ठिपके का?' 'त्याला कोड म्हणतात. तिथल्या त्वचेत रंग तयार होत नाही. हात लावला तर दुसऱ्याला होत नाही.'

'मी पण गोरा होईन?' इथे सावध राहा. 'होशील की' असं आश्वासन देऊ नका, आणि 'तू कुठे काळा आहेस!' असंही म्हणू नका. 'तुझा रंग असाच राहील. हा तुझा आहे, मला आवडतो. असं का विचारावंसं वाटलं?' शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. त्यामागे बऱ्याचदा कुणाचं तरी बोलणं असतं.

हाताचा रंग बनवण्याचा उद्योग

चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी हा उपाय फार कामाचा आहे. 'स्किन कलर' लिहिलेला एकच फिकट गुलाबी खडू पाहून मुलाच्या मनात जी गाठ बसते ती यात सुटते.

पोस्टर कलर घ्या: तपकिरी, पांढरा, पिवळा, लाल आणि निळा. प्रत्येकाला पसरट ताटली, ब्रश, जाड कागद. दोन छोटे चमचे तपकिरी रंगात पाव चमचा पिवळा आणि लालचे दोन-तीन थेंब मिसळा. आता पांढरा थोडा थोडा घालत जा. त्वचा बरीच फिकी असेल तर उलट करा: पांढऱ्यात तपकिरीचे थेंब टाका, कारण पांढऱ्याने तपकिरी फिका करत बसलात तर वाटीभर रंग होतो तरी जमत नाही. पंजाच्या पाठीवर ठिपका लावून जुळवा. ठिपका वाळू द्या, वाळल्यावर छटा बदलते. गडद करायला काळा वापरू नका. मिश्रण राखी पडतं आणि पिवळा जास्त असेल तर हिरवट झाक येते, मग मूल म्हणतं 'माझा रंग घाण झाला'. त्याऐवजी तपकिरी वाढवा आणि निळ्याचा एकच थेंब घाला.

रंग जमला की कागदावर हाताचा ठसा काढा, आणि मुलालाच त्या रंगाला नाव ठेवू द्या. घरातल्या सगळ्यांचे ठसे एका कागदावर घ्या. पाहता पाहता लक्षात येतं की कुणालाच नुसता पांढरा किंवा नुसता काळा लागला नाही. सगळ्यांनी तेच डबे वापरले, प्रमाण तेवढं वेगळं. हे तुम्ही सांगू नका, 'कुणी कुठले रंग वापरले?' एवढंच विचारा. आणि ठसे फिक्यापासून गडदाकडे ओळीने लावू नका. ओळ लागली की पहिला-शेवटचा नंबर लागतो.

मूल चारचौघांत मोठ्याने बोललं तर

बसमध्ये, दवाखान्यात, रांगेत हे होतंच. वीस-तीस सेकंदांचं काम आहे.

१. त्याचं तोंड दाबू नका, 'शू' करू नका, ओढून नेऊ नका. त्या माणसाने ऐकलेलं असतं. तुमची घाबरगुंडी त्यालाही दिसते.

२. जे दिसलं ते साध्या आवाजात मान्य करा. 'हो, त्यांचा रंग तुझ्यापेक्षा गडद आहे.'

३. एका वाक्यात कारण द्या. 'त्यांच्या त्वचेत मेलॅनिन जास्त आहे.'

४. मूल अपमानकारक बोललं असेल तर त्या व्यक्तीकडे पाहून थोडक्यात माफी मागा आणि थांबा. लांबण लावली की समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते.

५. त्या व्यक्तीला शिकवणीला बसवू नका. 'जरा सांगा ना हिला', 'केसांना हात लावू द्याल का?' असं कधीही नाही.

घरी गेल्यावर, त्याच दिवशी, उरलेलं बोला. प्रश्न चुकीचा नव्हता, आवाज आणि जागा चुकली, हे मुलाला वेगळं करून सांगा: 'दुसऱ्याच्या शरीराबद्दल काही विचारायचं असेल तर माझ्या कानात विचार. मी नक्की सांगेन.' आणि मग खरंच सांगा.

मूल ऐकीव पूर्वग्रह घेऊन आलं तर

'ती मुलं चोर असतात.' 'त्यांच्याशी नाही खेळायचं.' रागावलात तर मूल मत बदलत नाही, ते तुमच्यासमोर बोलायचं बंद करतं. आधी तीन प्रश्न विचारा, चौकशीच्या नाही, कुतूहलाच्या सुरात. हे कुठे ऐकलंस? सगळी मुलं? तुझ्या ओळखीचं त्यांच्यातलं कोण आहे, ते कसं वागतं? दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक मुलं अडखळतात, आणि 'सगळे' चं 'काही' होतं. ते 'काही' त्याच्याच तोंडून आलं की पुढचं सोपं.

मात्र प्रश्नांवर थांबू नका. मुलाला घराची भूमिका स्पष्ट कळली पाहिजे: 'आपण कुणाला गटावरून चोर म्हणत नाही. एकाने केलं तर ते त्या एकाने केलं.' कारणही द्या: 'तुझ्या वर्गातल्या एकाने काच फोडली म्हणून तुला चोप बसला तर?'

अपवादाचा सापळाही टाळा. 'अगं, तो तसा नाही, तो चांगला आहे' असं म्हटलं की बाकीचे तसेच आहेत हे पक्कं होतं.

गट कसे तयार होतात, हेही मोठ्यांनी ओळखायला हवं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एका उन्हाळी शाळेत मुलांना दोन रंगांचे सदरे वाटले होते. ज्या वर्गांत शिक्षक त्या रंगावरून रांगा लावत, नावं घेत, तिथल्या मुलांना आपला रंग श्रेष्ठ वाटू लागला. जिथे शिक्षकांनी सदऱ्यांकडे लक्षच दिलं नाही, तिथे तसं झालं नाही. सदरे दोन्हीकडे होते. फरक मोठ्यांच्या तोंडचा होता. घरात किंवा वर्गात जन्मजात गोष्टीवरून गट पाडून स्पर्धा लावू नका. चिठ्ठ्या काढून गट पाडा आणि दर वेळी बदला.

एकत्र आणलं की पूर्वग्रह आपोआप जातो, हाही भ्रम आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच चार अटी मांडल्या होत्या: दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते सहकार्याने गाठायचं हवं, आणि वरच्या माणसांचा त्याला पाठिंबा हवा. म्हणून एकाच संघात खेळणं, एकत्र नाटक बसवणं कामाला येतं. जुने कपडे वाटायला मुलाला घेऊन गेलात तर दया शिकवली जाते, बरोबरी नाही. मुलाच्या मनात 'आपण देणारे, ते घेणारे' हेच ठसतं.

तुमच्याच मुलाला कुणी बोललं तर

अशी गोष्ट सरळ घरी येत नाही. पोट दुखतं, शाळा नको, ठरावीक मुलांच्या वाढदिवसाला जायचं नाही, अंग जोरजोराने घासणं, फोटोत मागे उभं राहणं, स्वतःचं नाव बदलून सांगणं. यांतलं काही दिसलं तर सरळ प्रश्न विचारण्यापेक्षा शेजारी शेजारी काहीतरी करताना विचारा. डोळ्याला डोळा नसला की मुलं लवकर बोलतात.

बोलू लागलं की पहिली दहा मिनिटं फक्त ऐका. काही वाक्यं गिळायची: 'दुर्लक्ष कर', 'ते गमतीने म्हणाले असतील', 'तू आधी काय केलं होतंस?', 'थांब, उद्याच बघते त्यांच्याकडे'. पहिली दोन दुखणं नाकारतात, तिसरं मुलालाच आरोपी करतं, चौथं त्याला घाबरवतं आणि पुढच्या वेळी ते सांगत नाही. सगळ्यात चांगल्या मनाने होणारी चूक मात्र वेगळीच असते: 'काळी? तू कुठे काळी आहेस, छान गव्हाळ आहेस!' यातून मुलीला कळतं की काळी असती तर त्यांचं बोलणं बरोबर होतं.

म्हणायचं ते असं: 'मला सांगितलंस, बरं केलंस. ते चुकीचं बोलले. तुझ्या रंगात काही चूक नाही, त्यांच्या बोलण्यात आहे. तुला काय वाटलं तेव्हा?' राग, रडू, गप्प राहणं, काहीही चालेल. मग शांतपणे विचारा: नेमके शब्द काय होते, कोण होतं, कुठे, कुणी ऐकलं, आधी झालंय का. हे त्याच रात्री तारखेसह लिहून ठेवा, शब्द जसेच्या तसे. दोन आठवड्यांनी आठवणीतून लिहिलं तर धार जाते आणि समोरचा म्हणतो, 'असं कुणी म्हटलंच नाही.' शेवटी विचारा: 'आता मी काय केलेलं तुला हवंय?' सहा वर्षांच्या मुलालाही याचं उत्तर असतं.

उत्तरं सरावाने येतात. तीन शिकवा. एक, सीमा: 'मला असं म्हणू नकोस.' दोन, प्रश्न: 'असं का म्हणालास?' तीन, तिथून निघून मोठ्या माणसाला सांगणं. घरात नाटक करून प्रत्येक तीनदा करून पाहा. पहिल्यांदा तुम्ही मुलाची भूमिका घ्या, म्हणजे त्याला कसं म्हणायचं ते ऐकू येईल. आवाज ओरडण्याचा नको, मान वर, वाक्य छोटं. समोर एकापेक्षा जास्त जण असतील किंवा हात उचलला जाण्याची शक्यता असेल तर पहिली दोन नाहीतच, थेट तिसरं. पळून येणं म्हणजे हार नाही, हे आधीच सांगून ठेवा.

शाळेत एक-दोन दिवसांत लेखी कळवा. तक्रारीत विशेषणं कमी आणि शब्द, तारीख, जागा जास्त असू द्या. भेटीत चार गोष्टी ठरवून घ्या: नेमकं काय करणार, कोण करणार, केव्हापर्यंत, आणि तुम्हाला केव्हा कळवणार. 'आम्ही समज देतो' हे उत्तर अपुरं आहे. सगळ्या वर्गासमोर माफीचा आग्रह धरू नका. त्यात तुमच्या मुलालाही उभं राहावं लागतं आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. मधल्या सुट्टीत लक्ष ठेवणारं कोण, जागा बदलायची असेल तर कुणाची (तुमच्या मुलाची नव्हे), हे जास्त उपयोगाचं. एका आठवड्याने पुन्हा विचारा.

दहा वर्षांपुढच्या मुलाला हेही सांगा की यावर त्याचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम २ वंश, रंग, भाषा, धर्म अशा कुठल्याही कारणावरून मुलाशी भेदभाव करायला मनाई करतं. 'माझं काहीतरी चुकलं' पासून 'माझा हक्क मोडला' इथपर्यंत येणं मुलाच्या मनाला फार आधार देतं.

झोप, खाणं, खेळणं दोन आठवड्यांत पूर्ववत झालं नाही, किंवा मूल स्वतःच्या त्वचेला इजा करू लागलं, तर समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे जा. 'वेळ जाऊ दे, विसरेल' म्हणून थांबू नका.

आणि बोलणारं मूल तुमचं असेल तर

फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य 'माझं मूल असं बोलणार नाही' हे नसावं. ऐकून घ्या. मुलाला 'तू वाईट आहेस' म्हणू नका, 'तू जे बोललास ते दुखावणारं होतं' म्हणा. आपण वाईटच आहोत असं वाटलेलं मूल सुधारण्याऐवजी लपवू लागतं. मग माफीची तयारी घ्या. माफीत तीन भाग हवेत: काय केलं, ते का चुकीचं, पुढे काय करणार. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' ही माफी नाही. दुसऱ्या मुलाला बोलायचंच नसेल तर त्याच्यावर माफी लादू नका, चिठ्ठी द्या. आणि तो शब्द कुठून आला हे शोधा. घरातून आला असेल तर दुरुस्ती घरातच करायची.

ओळख: मी कोण

पूर्वग्रहाबद्दल बोलायचं आणि ओळखीबद्दल गप्प राहायचं, असं चालत नाही. स्वतःचं नाव, भाषा, रंग यांबद्दल सहज बोलू शकणारं मूल टोमण्याने लवकर मोडत नाही. सात वर्षांपुढे हा सराव करा: कागदाच्या मध्ये नाव, भोवती आठ रेघा, प्रत्येकीवर 'मी ... आहे' असं एक वाक्य. भाऊ, डावखुरी, अमुक भाषा बोलणारा, चित्र काढणारी, काहीही. मग तीन खुणा: जन्माने मिळालेलं, स्वतः निवडलेलं, लोकांनी चिकटवलेलं. तिसऱ्या खुणेवरच खरं बोलणं होतं. तुमचाही कागद भरा आणि दाखवा.

आई-वडील वेगवेगळ्या वंशांचे असतील तर 'अर्धा हा, अर्धा तो' म्हणू नका, 'दोन्ही' म्हणा. 'जास्त कुणाची?' हा प्रश्न कुणी विचारला तर मुलाने उत्तर द्यायलाच हवं असं नाही, हेही सांगा. दत्तक मुलाचा वंश वेगळा असेल तर त्याच्यासारखी दिसणारी मोठी माणसं त्याच्या रोजच्या आयुष्यात असावीत. पुस्तकातली चित्रं त्यांची जागा घेत नाहीत.

नावाचं साधं आहे. कुणी चुकीचं उच्चारलं तर तुकडे पाडून सांगायला मुलाला शिकवा, आणि दुसऱ्याचं अवघड वाटणारं नाव दोनदा विचारून नीट शिकायला लावा. सोय म्हणून ते कापून छोटं करायचं नाही.

इतिहास सांगताना

सहा-सात वर्षांच्या मुलाला रुबी ब्रिजेस या अमेरिकी कृष्णवर्णीय मुलीची गोष्ट कळते, कारण ती स्वतः सहा वर्षांची होती. १४ नोव्हेंबर १९६० ला न्यू ऑर्लिन्समध्ये ती फक्त गोऱ्यांच्या शाळेत गेली तेव्हा बाहेर आरडाओरडा करणारी गर्दी होती आणि सोबत सरकारी मार्शल होते. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय स्त्रीची गोष्ट सांगताना मात्र बहुतेकजण चूक करतात: दमलेली बाई जागेवरून उठली नाही, आणि सगळं बदललं. त्या दिवसाच्या, म्हणजे १ डिसेंबर १९५५ च्या आधी बारा वर्षांपासून ती अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या शाखेत काम करत होती. त्याच वर्षी मार्चमध्ये १५ वर्षांच्या क्लॉडेट कोल्विननेही जागा सोडायला नकार दिला होता. नंतरचा शहरातल्या बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला, हजारो माणसं पायी कामावर गेली. हे सगळं सांगितलं तरच मुलाला कळतं की अन्याय एका दिवसात, एका शूर माणसाने मोडत नाही. आणि एखाद्या समाजाबद्दल फक्त सोसण्याच्या गोष्टी सांगू नका. त्यांचे शास्त्रज्ञ, गायक, खेळाडू, विनोदही येऊ द्या.

बारा-तेराच्या पुढे 'वंश' या शब्दालाच हात घाला. सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली माणसांचे चार प्रकार केले आणि त्यांना स्वभावही चिकटवले. ब्लुमेनबाख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९५ पर्यंत पाच केले. कप्पे कुणी तरी पाडले, म्हणून त्यांची संख्या बदलत गेली. १९७२ साली रिचर्ड लेवोंटिन या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने दाखवलं की माणसांतल्या जनुकीय वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आतच असतं. इथे हुशार मुलं उडी मारतात: 'मग वंश नाहीच, तर बोलायचं कशाला?' उत्तर द्या: जीवशास्त्रात कप्पे पक्के नाहीत, पण त्या कप्प्यांवरून माणसांना घर, शाळा, नोकरी नाकारली गेली आणि जाते, ते पूर्ण खरं आहे.

या वयात पूर्वग्रह मीममधून येतो. फोन काढून घेण्यापेक्षा विचारा: 'यात हसतंय कोण, आणि कुणाला?'

घरातली वडीलधारी माणसं

आजी किंवा काका मुलासमोर काही बोलले तर सगळ्यांसमोर वाद घालायची गरज नाही, पण गप्पही राहू नका. मूल तुमच्या चेहऱ्याकडे पाहत असतं. एकच वाक्य पुरतं: 'आजी, आम्ही रंगावरून बोलत नाही.' मग विषय पुढे न्या. नंतर आजींशी एकट्यात बोला, आणि त्यात मुलाला काय ऐकू येतं ते सांगा, त्या चुकल्या हे सिद्ध करत बसू नका. रात्री मूल विचारेल, 'आजी वाईट आहे का?' तेव्हा म्हणा: 'नाही. आजी तुझ्यावर खूप प्रेम करते. ती जे बोलली ते मात्र बरोबर नव्हतं. तिला लहानपणी तसंच शिकवलं होतं, आम्हाला ते चुकीचं वाटतं.' त्यावर मूल आणखी काही विचारेल, आणि त्याचं उत्तर तुम्हाला त्या क्षणी येणार नाही. 'मला विचार करू दे, उद्या संध्याकाळी सांगते' म्हणा, आणि उद्या संध्याकाळी त्याने आठवण करून देण्याआधी विषय स्वतः काढा.